नवतपात सव्वाशे किलोमीटर: नागपूरहून तालुक्याच्या गावी ताजी फुलं पाठवण्याचं एक प्रकरण

मागणी ऐकायला साधी होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाची आई 31 मे 2024 ला ग्रामीण रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त होत होती. मुलाला रजा मिळत नव्हती. दुपारी चारला रुग्णालयातच निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्या वेळी आईच्या हातात ताज्या फुलांचा गुच्छ असावा एवढंच त्याचं म्हणणं. गाव नागभीडच्या पुढचं, नागपूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तालुक्याचं ठिकाण, पण छोटं. नाव मुद्दाम देत नाही. अशा गावात ‘त्या वर्षी रिटायर झालेल्या सिस्टरबाई’ एवढं म्हटलं तरी घर सापडतं.

31 मे ही तारीख आमच्या धंद्यात ओळखीची आहे. राज्य सरकारी नोकरीत 58 पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, आणि एक तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी अंदाजाने 1 जून ही तारीख टाकलेली. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी अख्ख्या विदर्भात शाल, श्रीफळ आणि गुच्छ यांची धावपळ असते. ही धावपळ बरोबर नवतपात येते. 25 मेला सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस फूलवाल्याची परीक्षा असते.

त्या वर्षीचा नवतपा तर देशभर गाजला. 30 मेला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांची नोंद दाखवली आणि टीव्हीवाल्यांनी नागपूरला वाळवंट करून टाकलं. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. शहरातल्याच दुसऱ्या केंद्रावर 44 च्या घरातला आकडा होता. फुलाला मात्र 44 आणि 56 यांत फारसा फरक नाही. दोन्हीत ते मरतंच.

आधीचा अनुभव

मुलाने आदल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला एका ऑनलाइन कंपनीकडून फुलं मागवली होती. पिनकोड टाकला, हिरवी खूण आली, पैसे कापले गेले. दुसऱ्या दिवशी फोन: त्या भागात फुलं उपलब्ध नाहीत, त्याऐवजी केक चालेल का? केकही तिसऱ्या दिवशी पोचला.

यात त्या कंपनीने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. अशा बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं दुकान नसतंच. ऑर्डर त्या जवळच्या शहरातल्या एखाद्या दुकानाकडे ढकलतात, आणि जिथे असं दुकान नाही तिथे पिनकोडची यादी मुळात कुरिअरची असते. म्हणजे त्या गावात पाकीट पोचतं, इतकाच त्या हिरव्या खुणेचा अर्थ. पाकिटाला तहान लागत नाही.

म्हणून मुलगा या वेळी थेट आमच्याकडे आला. आमचं दुकान धरमपेठेत, शहरापुरतं. त्याने फोटो पाठवला: लाल गुलाब, जांभळी ऑर्किड, मध्ये दोन जर्बेरा, वरून चकाकता कागद, खाली रिबीन. “भाऊ, असाच पाहिजे. पैशाचं बघून घेऊ.”

कोणत्या वाटेने

पहिला विचार टॅक्सीचा. गुच्छ इथेच बांधायचा, एसी गाडीत ठेवायचा आणि पाठवून द्यायचा. जायचे-यायचे अडीचशे किलोमीटर धरले तर फुलांपेक्षा गाडीचंच भाडं दुप्पट-तिप्पट होतं. मुलाची तयारी होती. पण टॅक्सीवाला जेवायला थांबला आणि गाडी उन्हात बंद करून ठेवली तर अर्ध्या तासात आतली भट्टी होते, हे आम्ही एका लग्नाच्या हारांवर पाहिलेलं आहे. महाग आहे म्हणून खात्रीचं असेलच असं नाही.

रेल्वेचा प्रश्नच नव्हता. नागपूर–नागभीडची नॅरोगेज 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. ती असती तरी तिच्या चालीने फुलं कोमेजलीच असती, पण त्या भागातली जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात.

एसटीचा विचार आम्ही बराच वेळ केला. गणेशपेठेतून पहाटेची गाडी, उमरेड-भिवापूर मार्गाने तीन तासांच्या आसपास, साडेनवाच्या आत गाव. हाच सगळ्यांना सुचणारा मार्ग आहे आणि थंडीत तो चांगला चालतो. मे महिन्यात नको, याची दोन कारणं. एक, डिकी. आठ वाजल्यापासून ऊन पत्र्यावर पडायला लागतं आणि डिकीत हवा खेळत नाही. दुसरं कारण आंब्याचं. मे अखेरीस त्या डिकीत आंब्याच्या पेट्या असणारच. पिकत असलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो फुलाला म्हातारं करतो. कार्नेशनची तर पाकळी आत मिटते आणि पुन्हा उघडत नाही. गुलाबालाही तो मानवत नाही. घरच्या फ्रिजमध्ये फुलं आंब्याशेजारी ठेवू नका असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो, ते याचसाठी.

उरली पेपरची गाडी. नागपूरला छापलेली वर्तमानपत्रं मध्यरात्रीनंतर निघतात आणि उजाडायच्या आत तालुक्याच्या गावी गठ्ठे टाकून गाड्या पुढे जातात. पाऊस असो, बंद असो, ही गाडी सहसा चुकत नाही, कारण शिळा पेपर कोणी विकत घेत नाही. ड्रायव्हर सीटमागे औषधाचा डबा, मोटारीचा सुटा भाग, कोणाचा चष्मा असं काय काय नेतात. रात्री दोन ते पाच हा नवतपातल्या चोवीस तासांतला सगळ्यांत थंड वेळ. आणि कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये आंबे नसतात.

ताजं फूल आणि तहानलेलं फूल

इथे दुकानात आमचा वाद झाला. माझ्या भावाचं म्हणणं असं की पेपरची गाडी धरायची तर माल आदल्या दिवशी, 30 तारखेच्या सकाळीच घ्यावा लागेल. म्हणजे हातात पडेपर्यंत तो दीड दिवसाचा होणार. एसटीने पाठवलं तर त्याच पहाटे सीताबर्डीच्या नेताजी मार्केटातून उचललेलं फूल दुपारी चारला पोचलेलं असेल. मग ताजं कोणतं?

वरवर त्याचं बरोबर आहे. पण पहाटे मार्केटात दिसणारं डच गुलाबाचं बंच तिथे कसं आलेलं असतं, ते पाहायला हवं. पुणे-नाशिककडच्या पॉलिहाऊसमध्ये कापलेलं, खोक्यात कोरडं बांधलेलं, रात्रभर गाडीतून आलेलं. देठ सुकून बंद झालेला असतो. त्याला लगेच दुसऱ्या गाडीत टाकलं तर तहानलेल्या माणसाला पाणी न देता पुढच्या गावी चालत पाठवल्यासारखं होतं. दुपारपर्यंत गुलाबाची मान वाकते, आणि लोक म्हणतात शिळं फूल दिलं. फूल शिळं नसतं, तहानलेलं असतं.

उलट तेच बंच दिवसभर पाण्यात उभं राहिलं तर देठ भरून घेतो आणि पुढचा प्रवास सोसतो. म्हणून माल 30 च्या सकाळी घेतला. देठ पाण्याखाली धरून बोटभर तिरपे कापले. हवेत कापले की कापताक्षणी देठात हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. बादलीत कोमट पाणी, चिमूटभर साखर, थोडं लिंबू, आणि पाणी सडू नये म्हणून ब्लीचचे दोन-चार थेंब. बादलीत बुडतील ती सगळी पानं काढून टाकली.

मग कूलर. बाहेरगावच्या माणसाला नागपूरच्या कूलरची थट्टा वाटते, पण फुलांसाठी मे महिन्यात त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. बाहेरची हवा कोरडी ठाक असते, म्हणून ओल्या ताट्यांतून आत येताना ती चांगली दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि ओलावाही घेऊन येते. एसीने हवा थंड होते खरी, पण वाळते. दुकानामागच्या खोलीत कूलरच्या झोतापासून जरा बाजूला बादल्या ठेवल्या. थेट वाऱ्यात पाकळीची कड करपते.

कोणती फुलं घ्यायची यावर मुलाशी फोनवर थोडी घासाघीस झाली. जर्बेरा मी काढून टाकला. त्याचा देठ पोकळ आणि मान नाजूक, एकदा वाकली की सरळ होत नाही. ग्लॅडिओलसही नको, कारण आडवा ठेवला की शेंडे वर वळतात. ऑर्किड ठेवलं. जांभळं डेंड्रोबियम दिसायला नाजूक, पण ते मुळात गरम मुलखातलं फूल. प्रत्येक देठाला पाण्याची छोटी नळी लावलेलीच येते आणि त्याला जास्त भीती थंडीची असते, बर्फाला चिकटलं तर काळवंडतं. गुलाब लाल न घेता गुलाबी घेतले, कळी जेमतेम सुटलेली. मे महिन्याचा लाल गुलाब तासाभरात उमलून मोकळा होतो. सोबत पांढरी शेवंती, जी कशालाच दाद देत नाही, आणि रजनीगंधाच्या काड्या, खालची दोन-तीन फुलं उघडलेली, बाकी कळ्या. वास असला पाहिजे हे माझं म्हणणं. चकाकत्या कागदात बांधलेल्या ऑर्किडला वास नसतो, आणि निरोपाच्या खोलीत फिनाइलचा वास आधीच असतो.

त्या वर्षी एक गोष्ट आपल्या बाजूने होती. गुरू आणि शुक्र दोन्ही अस्ताला गेल्यामुळे मे महिन्यात लग्नाचे मुख्य मुहूर्त नव्हते. नेहमी या दिवसांत मंडपवाले चांगला माल उभ्या उभ्या उचलतात. या वेळी निवडून घेता आला.

बांधणार कोण

मी मुलाला सांगितलेली खरी गोष्ट ही: गुच्छ इथून पाठवायचा नाही, माल पाठवायचा. गुच्छ तिथे बांधायचा. बांधलेला गुच्छ पेटीत दाबला जातो, स्पंजमधलं पाणी सांडतं, कागदाच्या आत वाफ धरते. सुटे देठ एकमेकांना टेकून झोपतात आणि पोचल्यावर त्यांना परत पाणी पाजता येतं.

मुलाचा प्रश्न रास्त होता. “पण तिथे कोणाला बांधता येते भाऊ? तिथं तं हारवाला आहे फक्त.”

हारवाला आहे, हेच तर हवं होतं. प्रत्येक तालुक्याच्या गावी देवळाजवळ किंवा बसस्टँडसमोर एक तरी माणूस असतो, जो रोज पहाटे झेंडू आणि शेवंतीचं पोतं सोडतो. हा माणूस नागपूरच्याच बाजारातून माल आणवतो. फुलं त्या गावात रोज पोचतच असतात. आपण ऑनलाइन खिडकीतून पाहतो म्हणून ती दिसत नाहीत. मुलाने शाळेतल्या मित्राकडून नंबर मिळवला. मी फोन केला, धंद्यातलीच भाषा, दोन मिनिटांत जमलं.

“नेत्याचे बुके बांधतो ना जी आमी,” ते म्हणाले. “पन असा माल कधी हातात नाही आला. पानी टाकू का नाही जी याच्यात?”

मी क्रम सांगितला: पेटी सावलीत उघडायची, देठ पुन्हा कापायचे, खोल बादलीत दोन तास. दुपारी तीनला बांधायचं, त्याआधी नाही. ऑर्किड शेवटी. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, पण म्हटलं, फोटोसारखंच व्हायला पाहिजे असं काही नाही, तुमच्या हाताला जमेल तसं बांधा. बांधायची मजुरी 350 रुपये ठरली. त्यांनी 100 सांगितले होते. जास्त देण्यामागे दानधर्म नव्हता. हाराच्या दराने काम सांगितलं असतं तर ते हाराच्या दोऱ्यातच उरकलं गेलं असतं.

पेटी आणि तिचा प्रवास

थर्मोकोलची पेटी औषधाच्या दुकानातून घेतली. तळाशी गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलेल्या, एका टोकाला. त्या बाजूला गुलाबाची डोकी, उलट्या टोकाला ऑर्किड. देठांच्या टोकांना ओला कापूस आणि वरून पॉलिथीन. पाकळ्यांवर पाणी शिंपडायचा मोह टाळायचा. बंद पेटीत थेंब राहिला की सकाळी तिथे तपकिरी डाग असतो. झाकणावर मोठ्या अक्षरात मराठीत ‘फुले आहेत, उन्हात ठेवू नये’, हारवाल्यांचा नंबर, पेपर एजंटचा नंबर.

रात्री दीडच्या सुमारास पेटी गाडीत चढली. ड्रायव्हरने दीडशे रुपये घेतले आणि पेटी स्वतःच्या बाजूच्या सीटवर ठेवली. तिच्यात काय आहे हे सांगितलं की माणूस जपतो. नुसतं ‘पार्सल’ म्हटलं असतं तर गठ्ठ्याखाली गेली असती.

पेच पडला तो गावात. गाडी पाचच्या आत आली, एजंटने गठ्ठे उतरवून घेतले आणि पोरांना घेऊन वाटायला निघून गेला. पेटी शेजारच्या चहाच्या टपरीत ठेवली. टपरीवाल्याने ती काळजीपूर्वक फळीखाली सरकवली. फळीच्या पलीकडे शेगडी. हारवाले सात वाजता आले तेव्हा पेटीचा एक कोपरा कोमट होता. ड्रायव्हरचा फोन बंद, एजंट सायकलवर. मला हे साडेसातला कळलं.

नुकसान किती झालं? शेवंती आणि रजनीगंधा जशीच्या तशी. ऑर्किड योगायोगाने त्याच उबदार कोपऱ्याकडे होतं आणि त्याला काहीच झालं नाही. वीस गुलाबांपैकी तीन पूर्ण उमलून गेले आणि चारांनी मान टाकली. मान टाकलेल्यांवर उपाय आहे: देठ कापून, डोक्यापर्यंत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, कोमट पाण्यात खोल उभे करायचे. कागद मान सरळ धरतो आणि तोवर पाणी चढतं. तासाभराने त्यातले तीन उभे राहिले. उमललेल्यांच्या पाकळ्या हारवाल्यांनी फेकल्या नाहीत, त्या सत्काराच्या ताटात गेल्या.

दुपारी साडेतीनला फोटो आला. मुलाने पाठवलेल्या फोटोशी त्याचा फारसा संबंध नव्हता. चकाकता कागद नव्हताच, गावात मिळाला नाही. अशोकाची पानं मागे पंख्यासारखी लावलेली, मध्ये ऑर्किड, भोवती गुलाब आणि शेवंती, रजनीगंधा उंच. आणि मुठीच्या जागी रिबिनीऐवजी मोगऱ्याचा गजरा, तीन पदरी गुंडाळलेला. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. मे महिना मोगऱ्याचा, त्यांच्या परसात झाड आहे, कळ्या त्याच सकाळी खुडलेल्या. त्या अख्ख्या गुच्छात खऱ्या अर्थाने ताजं काय होतं, तर तेच. आम्ही नागपूरहून मोगरा पाठवायचं म्हटलं असतं तर पिवळा पडून पोचला असता.

हिशेब

फुलांचे 1,080, पेटी-कापूस-कागद 160, गाडी 150, बांधणावळ 350, आमचे 400. एकूण 2,140 रुपये. मुलाला पावती त्याच फोडीसह दिली. त्याला ऑनलाइनवर यापेक्षा स्वस्त गुच्छ दिसला होता आणि तो तसं म्हणालाही. मी वाद घातला नाही. केकची आठवण त्याची त्यालाच होती.

या पद्धतीत कच्चा दुवा एकच, पहाटे पाच ते सात. तेव्हापासून त्या मार्गावर पेटी एजंटकडे न देता आम्ही हारवाल्यांच्या घरचा पत्ता ड्रायव्हरला देतो. बसस्टँडपासून जवळ असेल तर तो पोचवतो, त्याचे वेगळे पन्नास. पावसाळ्यात वैनगंगेच्या काठची गावं असतील तर मात्र तारखेची हमी देत नाही. पूर आला की पेपरही अडकतो. थंडीत उलटं, पेटीचीही गरज नाही. ओल्या कागदात गुंडाळून पहाटेच्या एसटीने माल जातो, आणि डिकीत आंबेही नसतात.

दिवाळीनंतर एकाचा सिरोंच्यासाठी फोन आला. नागपूरहून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, मध्ये गाडी बदलावी लागते. नाही म्हटलं. त्याला सांगितलं की प्राणहितेच्या पलीकडे मंचेरियाल तुम्हाला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे, तिथला फूलवाला शोधा, आणि सिरोंच्यातल्या हारवाल्याला आधी विचारा की तुमचा माल कुठून येतो. तो सांगेल तीच वाट धरा.